परिघावरची माणसे : मध्ययुगीन नकाशे आणि सभापर्वातील एक यादी

इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये इ. स. १३०० च्या सुमारास कातड्यावर काढलेला जगाचा एक नकाशा जतन केलेला आहे. त्यात पूर्व दिशा वर आहे आणि केंद्रस्थानी जेरुसलेम. केंद्रापासून दूर जावे तसतशी माणसाची आकृती बिघडत जाते. भारताच्या भूमीवर एका पायाचा माणूस दाखवला आहे. आपल्या प्रचंड पावलाचीच तो छत्री करतो. अशा आकृतींकडे मध्ययुगीन अज्ञानाचे नमुने म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी तिच्यामुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो. ही माणसे परिघावर कोणी नेऊन बसवली आणि ती मुळात कोणाच्या परिघावरची होती, हा तो प्रश्न होय.

या आकृतींची वंशावळ सर्वज्ञात आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस क्टेसियसने भारतावर लिहिलेला ग्रंथ, इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचा मेगॅस्थेनिसचा वृत्तांत, पहिल्या शतकातील प्लिनी, सातव्या शतकातील इसिडोर अशा पायऱ्यांनी त्या मध्ययुगीन नकाशांपर्यंत पोहोचल्या. मेगॅस्थेनिसने कानांत झोपणाऱ्या लोकांचा उल्लेख केला होता. स्ट्रॅबोने त्यासाठी त्याला खोटारड्यांच्या पंक्तीत बसवले. परंतु ही माहिती मेगॅस्थेनिसला भारतातील तत्त्वज्ञांनीच सांगितली होती, ही नोंदही स्ट्रॅबोकडेच सापडते. येथे चित्र उलटे होते. कानांत झोपणारे हे लोक म्हणजे आपल्या महाभारतातील ‘कर्णप्रावरण’, कान हेच ज्यांचे पांघरूण आहे असे लोक. एका पायाचे ते ‘एकपाद’. पाटलिपुत्रात बसलेल्याला जे दूरचे वाटत होते, ते ग्रीकांनी ऐकले आणि त्यावरून सगळा भारतच दूरचा ठरवला. आपल्या परिघावरची माणसे त्यांनी उचलली आणि तिच्यासह आपल्यालाही परिघावर ठेवले.

आता सभापर्वातील सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयाची यादी पाहावी. शूर्पारक आणि दंडक यांच्यामागोमाग सागरद्वीपवासी, निषाद, पुरुषाद, कर्णप्रावरण आणि कालमुख येतात. पुढे एकपाद पुरुष, वनवासी, संजयंती नगरी आणि करहाटक हे सारे एकाच क्रियापदाची कर्मे होऊन येतात. सहदेवाने त्यांना केवळ दूत पाठवून वश केले आणि करभार द्यायला लावला. करहाटक म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे आजचे कराड. तीच कृष्णा पुढे सांगलीकडे येते. कुपवाडसारख्या ठिकाणी बसून ही यादी वाचणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही : या संहितेत एकपाद आपले शेजारी आहेत. रचनाकाराचे केंद्र गंगा-यमुनेच्या खोऱ्यात आहे, आणि त्याच्या दृष्टीने कृष्णाकाठ आणि एका पायाची माणसे यांचे अंतर सारखेच आहे.

याच यादीतील एक पाठभेद उद्बोधक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी यवनांच्या पुरासोबत ‘अन्ताखी’ आणि ‘रोमा’ म्हणजे अँटिऑक आणि रोम असा पाठ स्वीकारला. प्रचलित पाठात त्या जागी ‘आटवी’ नावाची रम्य नगरी आहे. एजर्टन यांचा पाठ मान्य केला, तर असा अर्थ निघतो की व्यापाराचा संबंध विरल्यावर लेखनिकांना रोम हे नाव अनोळखी झाले आणि ते पुसट होत नाहीसे झाले; कर्णप्रावरण मात्र टिकले. नगराला संबंधाची आठवण लागते, तर कल्पित शेजाऱ्याला केवळ केंद्राची गरज पुरते.

ही गरज कोणती, ते दुर्योधनाच्या निवेदनात दिसते. राजसूयाहून परतलेला दुर्योधन धृतराष्ट्राला भेटी घेऊन आलेल्यांची यादी ऐकवतो. त्यात दोन डोळ्यांचे, तीन डोळ्यांचे, कपाळावर डोळा असलेले आणि दाराशी अडवून ठेवलेले एकपाद आहेत. मत्सराने पोळलेला एक पुत्र आपल्या अंध पित्याला जग वर्णन करून सांगतो आहे, हा प्रसंग संहितेने योगायोगाने योजलेला नाही. युधिष्ठिराचे वैभव किती, हे त्याच्या दाराशी कोण अडवले गेले यावरून मोजायचे आहे. एकपादांना येथे वाणी नाही. त्यांच्या हातात भेटी आहेत आणि पुढ्यात बंद दार आहे.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ही व्यवस्था शास्त्राचे रूप घेते. कूर्मविभागात भारताचे नऊ भाग आणि प्रत्येक भागाला तीन नक्षत्रे दिली आहेत. पूर्वेला व्याघ्रमुख, शूर्पकर्ण व अश्ववदन, वायव्येला स्त्रीराज्य व एकविलोचन, उत्तरेला श्वमुख. त्यांच्याच पंक्तीत मगध, मिथिला, नासिक्य, कोंकण ही खरीखुरी नावे आहेत, आणि नग्नशबर व पर्णशबरही आहेत. आपल्याकडे नकाशा रेखाटण्याऐवजी यादी पाठ करण्याची परंपरा प्रबळ होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. नकाशात राक्षसी आकृती कडेला ढकलता येते; यादीत मात्र ती खऱ्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसते. शबर आणि शूर्पकर्ण यांच्यात भेद करण्याचे कोणतेही साधन यादी वाचकाला देत नाही.

म्हणूनच कर्णप्रावरण म्हणजे जड कर्णभूषणे घालणारी एखादी जमात, असा बुद्धिवादी उलगडा मला अपुरा वाटतो. त्याने आकृतीचा खुलासा होतो, स्थानाचा होत नाही. निषादांच्या शेजारी नरभक्षक का ठेवले जातात, याचे उत्तर कानाच्या लांबीत नाही. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात विचारले होते की असे लोक असतील तर ते आदमचे वंशज मानायचे की नाही. आणि ते माणूस असतील तर आदमचेच, असे उत्तर त्याने दिले होते. आपल्या परंपरेने हा प्रश्न इतक्या उघडपणे न विचारता यादीच्या क्रमात मिटवला.

यादी करण्याची ही सवय पुराणकाळाबरोबर संपली नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून सूचीबद्ध केल्या. ती सूची १९५२ मध्ये रद्द झाली. नरभक्षकाच्या जागी गुन्हेगार आला, व्याकरण तेच राहिले. सातारा जिल्ह्यातून आलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचे वाङ्मयीन महत्त्व या संदर्भात पाहायला हवे. शतकानुशतके कर्मपदी राहिलेला माणूस तेथे कर्ता होऊन बोलू लागतो. दलित आणि भटक्यांच्या आत्मकथनांना केवळ सामाजिक दस्तऐवज मानणारी समीक्षा हा बदल नोंदवू शकत नाही, कारण मुळात यादी हीदेखील एक वाङ्मयीन रचना आहे, हेच तिने मान्य केलेले नसते. दाराशी अडवलेल्यांची यादी आपण पाठ केली. दाराबाहेरून तीच यादी कशी वाचली जाते, याची मीमांसा मराठी समीक्षेने अद्याप पुरतेपणी केलेली नाही.