ज्युनिपरच्या बुंध्यावरील इतिहास

इतिहास म्हटला कीं ताम्रपट, शिलालेख आणि बखरी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु एखाद्या प्रदेशाचा इतिहास तेथील झाडांच्या बुंध्यांवरहि कोरलेला असतो. तो न वाचतां कारभार केल्यास सद्हेतूनेंच केवढी हानि होते, याचें बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत घडलें आहे.

ज्युनिपर हा सरूच्या कुळांतील सदाहरित वृक्ष. काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारें हाऊबेर, म्हणजेच वैद्यांची हपुषा, हें त्याच्याच एका भाऊबंदाचें फळ होय. दक्षिण ॲरिझोनाच्या डोंगरांत याची जी एक जात आढळते, तिची साल मगरीच्या पाठीप्रमाणें चौकोनी खवल्यांची असते. हा वृक्ष फार सावकाश वाढतो, परंतु शेंकडों वर्षें जगतो.

पूर्वीं या डोंगरांत गवत विपुल होतें. विजेमुळें किंवा तेथील मूळ रहिवाशांनीं लावल्यामुळें तें वरचेवर पेटे. त्या वणव्यांत ज्युनिपरचीं कोंवळीं रोपें जळून जात. जुने वृक्ष बुंध्यावर डाग घेऊन वांचत. आणि गवत मात्र पाऊस पडतांच मुळांतून पुनः फुटे. अशा रीतीनें गवत आणि वृक्ष यांचा समतोल अग्नीनेंच राखला होता.

१८८० सालीं टक्सन शहरीं आगगाडी पोंचली आणि गुरांचे प्रचंड कळप त्या प्रदेशांत लोटले. १८९१ ते १८९३ च्या अवर्षणांत असंख्य गुरें मेलीं. पण तोंवर कुरणें उघडीं पडलीं होतीं. गवत नाहीं म्हणून वणवा नाहीं, आणि वणवा नाहीं म्हणून ज्युनिपर व इतर झुडपें निर्वेधपणें माजलीं. झुडपांमधील उघडी माती पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून जाऊं लागली आणि जमिनींत खोल घळी पडल्या.

सरकारी वनखात्याची समजूत अशी कीं, अतिचराई वाईट खरी, परंतु वणवा त्याहूनहि वाईट. या समजुतीला त्याच खात्यांतील एका अधिकाऱ्यानें आव्हान दिलें. आल्डो लिओपोल्ड हे १९०९ सालीं खात्यांत दाखल झाले होते. ज्युनिपरच्या जुन्या खुंटांवरील जळल्याचे डाग त्यांनीं पाहिले. पूर्वीं वणवे वारंवार लागत व सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं ते एकाएकीं थांबले, असें त्यांना आढळलें. दाट झुडपांचें वयहि तेवढेंच होतें आणि गुरांचें आगमनहि त्याच सुमाराचें. मातीचा खरा रक्षक गवत आहे आणि त्याचा मुख्य शत्रु अतिचराई आहे, असा निष्कर्ष त्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केला. आपल्याच खात्याचें धोरण चुकीच्या गृहीतावर उभें आहे, असें नोकरींत असतांना लिहिण्यास धैर्य लागतें.

परंतु पुढें या इतिहासाचा दुसऱ्या बाजूनें विपर्यास झाला. १९५० नंतर नैर्ऋत्य अमेरिकेंत ज्युनिपर हा उपरा ठरवून, दोन ट्रॅक्टरांमध्यें जाड साखळी ओढून लाखों एकरांवरील झाडें उपटण्यांत आलीं. गवत वाढेल आणि ओढ्यांना अधिक पाणी येईल, ही आशा होती. मध्य ॲरिझोनांतील बीव्हर क्रीक येथील दीर्घकालीन प्रयोगांत मात्र अशा उपटणीनें पाण्यांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाहीं. शिवाय उथळ मातीच्या खडकाळ उतारांवर वणवा पसरण्याइतकें गवत मुळांतच नसतें. तेथील ज्युनिपर शतकानुशतकांचे रहिवासी आहेत. सारांश, मातीची खोली, उंची, पाऊस, अग्नि आणि चराई या सर्वांनीं मिळून कोठें काय उगवावें हें ठरतें.

एकच वृक्ष एका उतारावर मूळचा वतनदार असतो, तर खालच्या माळावर कालचा पाहुणा. तो तोडावा कीं राखावा, याचा निर्णय त्याच्या नांवावरून करतां येत नाहीं. तो तेथें केव्हां आला आणि कोणामुळें आला, हें आधीं पाहावें लागतें.