हरताळाखालची अक्षरे

दिवाळीच्या फराळाबरोबर पोथ्यांची धूळ कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात ज्ञानेश्वरी वाचली जाते, त्या घराला ही हकिगत परकी वाटू नये. शिवाय ती आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलखातली आहे.

येथून दक्षिणेला, गोदावरीच्या काठी पैठण. तेथे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या २९४ वर्षांत त्याच्या हाती लिहिलेल्या नकला होत राहिल्या. नकलकाराची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरे. जुना शब्द कळला नाही की तो सोपा शब्द घाली. एखादा उत्साही आपलीच ओवी आत सारी. पुढचा नकलकार ते सारे इमानाने उतरवून घेई. सुमारे ९,००० ओव्यांचा ग्रंथ असा पोथीगणिक निराळा होत चालला होता.

नाथ स्वतः थोर कवी. ‘एकनाथी भागवत’ त्यांनी १५७३ मध्येच पुरे केले होते. ज्ञानदेवांची ओवी आपल्या परीने सजवायची म्हटली, तर त्यांचा हात कोण धरणार होते? पण त्यांनी आपली लेखणी आवरली. ग्रंथ शुद्ध केला, शक नोंदवला आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असे बजावले.

तरी मला एक हुरहूर वाटते. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावीत. हरताळाखालचे अक्षर पुढच्या वाचकाला दिसत नसे. नाथांनी सोडलेल्या पाठांची यादीही आपल्यापर्यंत आलेली नाही. पुढे १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी नाथांपूर्वीची म्हणून एक ज्ञानेश्वरी छापली. तिच्याविषयी विद्वानांत वाद झाले. ते मिटवायचे तर मूळ पोथी हवी. पण ती आज उपलब्ध नाही. छापील पान हाती आहे, ताडून पाहायचे कशाशी?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने या अडचणीवर मार्ग काढला. तेथे १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. त्यासाठी १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ खाली, कोणत्या पोथीत काय आहे त्या खुणेसह. निवड संपादकांची, पण पुरावा वाचकाच्या हाती.

माझ्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती सध्या संगणकावर सिद्ध होत आहे. लेखनाचे सॉफ्टवेअर प्रकरणाचे जुने रूप तारखेसह जपते, दोन मसुद्यांतला फरक रंगाने दाखवते. काय बदलले हे यंत्र सांगते. का बदलले हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या मसुद्याला मी कारणाची एक ओळ जोडतो. चालू प्रत मात्र एकच ठेवतो. पैठणची शिस्त आणि पुण्याची तळटीप, दोन्ही त्यात आली.

आणि वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी जीर्ण पोथी निघाली असेल, तर घरात छापील प्रत आहे म्हणून ती नदीत सोडू नका. छापताना गळलेला एखादा शब्द तिच्यात अजून असेल.