शंभर दिवसांनंतर सुई नको

ॲक्युपंक्चर ही हजारो वर्षांची अखंड परंपरा आहे, असे तिचे समर्थक नेहमी सांगतात. मधुमेह्यांच्या विसराळूपणावर सुयांचा उपचार सुचवतानाही हाच दाखला पुढे येतो. ही परंपरा मी चाळू लागलो, तेव्हा वाटेत एक मनाई आडवी आली.

सुन सिमियाव हा तांग काळातला थोर वैद्य. त्याचा मोठा ग्रंथ इ. स. ६५२च्या सुमारास तयार झाला. मधुमेहाशी बऱ्याच अंशी जुळणाऱ्या आजाराला चिनी वैद्यकात 'शियाव-ख' म्हणतात. म्हणजे झिजणे आणि तहान. त्यात दारू, संभोग, खारट आणि पिठाचे पदार्थ वर्ज्य सांगून सुन पुढे बजावतो: आजाराला शंभर दिवस उलटले असतील, तर सुई टोचू नये, डागही देऊ नये. जखमेतून पू वाहत राहतो आणि रोगी खंगून मरतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही प्रमेहाबरोबर येणाऱ्या 'पिडकां'चे, म्हणजे गळवांचे वर्णन आहे. या रोग्याची जखम सहज भरत नाही, हे दोन्हीकडच्या वैद्यांनी पाहिले होते.

परंपरा अखंडही नव्हती. १८२२मध्ये दाओग्वांग बादशहाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकले. १९४९नंतर, डॉक्टर थोडे आणि रोगी अफाट अशा स्थितीत, कम्युनिस्ट सरकारने ते पुन्हा उभे केले. भारतातही ते याच काळात आले. १९३८मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२मध्ये ते तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात उपचार करू लागले.

हे सगळे मी का शोधत होतो? माझ्या आईला बावीस वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतली की नाही, हे तिला आता आठवत नाही. धाकट्या भावाने सुयांचा पर्याय काढला.

आजची सुई निर्जंतुक आणि केसासारखी बारीक असते. सुनची भीती आता तशीच्या तशी लागू नाही. प्रश्न उपयोगाचा आहे. मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे पक्के आहे. सुयांनी तो कमी होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. प्रयोग बरेचसे कृत्रिमरीत्या मधुमेही केलेल्या उंदरांवरचे. माणसांवरचे लहान, आणि अनेकदा औषधांच्या जोडीने केलेले. शिवाय सुई टोचली हे रोग्याला कळतेच. म्हणून १९९८मध्ये जर्मन संशोधकांनी कातडीत न शिरता टोचल्याचा भास देणारी सुई काढली. स्मरणचाचणीची अडचण आणखी वेगळी: तीच चाचणी पुन्हा दिली, की सरावानेही गुण वाढतात.

आम्ही आधी साध्या तपासण्या करायचे ठरवले. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते, वारंवार साखर उतरल्याने म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो, थायरॉइडही पाहावे लागते. यातले काही सापडले तर त्यावर उपाय आहे. त्यानंतर भावाला सुया करून पाहायच्या असतील, तर माझी हरकत नाही. अट एकच: साखरेचे एकही औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचे नाही.

परंपरेचा दाखला द्यायचाच, तर सुनचाही द्यावा. सुई हातात असलेल्या त्या वैद्याने ती कुठे थांबवायची, हेही लिहून ठेवले.