वैद्यकीय शिक्षणातील संवादकौशल्य : अभिरूप रुग्णाच्या पद्धतीचा ऐतिहासिक मागोवा

रुग्णाशी बोलणे ही डॉक्टरच्या स्वभावाची बाब मानण्याची परंपरा जुनी आहे. वडीलधाऱ्या डॉक्टरांमागे वॉर्डात फिरता फिरता विद्यार्थी ही कला आपोआप आत्मसात करतो, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाई. या गृहीतकाला तडा देणाऱ्या प्रयोगांपैकी एक महत्त्वाचा प्रयोग मुळात संवादासाठी नव्हताच.

१९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञांपुढे प्रश्न होता तो परीक्षेचा. विद्यार्थी रुग्णाला प्रत्यक्ष कसे तपासतो हे परीक्षक क्वचितच पाहत. त्याने सांगितलेल्या निष्कर्षांवर गुण दिले जात. खऱ्या रुग्णाचा भरवसाही देता येत नसे. बॅरोज यांच्या आठवणीनुसार, परीक्षेसाठी बोलावलेल्या एका रुग्णाने धसमुसळेपणाने तपासणाऱ्या उमेदवाराला धडा शिकवण्यासाठी आपली लक्षणेच बदलून दाखवली होती! बॅरोज यांनी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची भूमिका शिकवली. तपासणी संपल्यावर ती विद्यार्थ्याच्या कामगिरीची नोंद करी. स्टीफन अब्राहमसन यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. वैद्यकीय महाविद्यालयात हॉलिवूड शिरले, अशा आशयाची टवाळी वृत्तपत्रांतून झाली; सहकारीही साशंक होते. टवाळखोरांच्या नजरेतून मुख्य गोष्ट मात्र निसटली. आजवर ज्याच्याविषयी बोलले जाई, तो रुग्ण आता विद्यार्थ्याविषयी बोलू लागला होता.

त्याच शहरातील बालरुग्णालयात बार्बरा कोर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८०० भेटींचा अभ्यास करून १९६८-६९ मध्ये निष्कर्ष मांडले. आजार कशामुळे झाला याचा खुलासा न मिळालेल्या, डॉक्टरांच्या वागण्यात आपुलकी न जाणवलेल्या मातांकडून उपचारांचे पालन कमी होते, असे त्यांना आढळले. संवाद हा सौजन्याचा नव्हे, उपचाराचाच भाग ठरला.

पुढे ही पद्धत पुन्हा परीक्षेकडे वळली. २००४ पासून अमेरिकेतील परवाना परीक्षेत अभिरूप रुग्णांची स्वतंत्र पायरी आली. महाराष्ट्रातून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या पदवीधरांनाही ती द्यावी लागे. केंद्रे केवळ पाच शहरांत, शुल्क हजार डॉलरांहून अधिक. २०२० मध्ये साथीमुळे ती स्थगित झाली व २०२१ मध्ये रद्दच करण्यात आली. शिकवण्याचे साधन केवळ चाळणी म्हणून वापरले गेले की त्याचे समर्थन करणे किती अवघड होते, हे यातून दिसते.

भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती व संवाद यांवरील ‘एटकॉम’ ही पुस्तिका काढली. २०१९ च्या प्रवेशापासून तो विषय एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आला. प्रारंभिक पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेलाही स्थान मिळाले. ही तरतूद दुय्यम समजली जाण्याचा धोका आहे. ‘हाताला मुंग्या येतात’ आणि ‘हात बधिर झाला’ या दोन तक्रारी बॅरोज यांच्याच विद्याशाखेत वेगळ्या नोंदवाव्या लागतात. इंग्रजीत लिहिलेल्या भूमिकेवर सराव केलेल्या विद्यार्थ्याला हा फरक प्रथम बाह्यरुग्ण विभागातच, खऱ्या रुग्णासमोर कळतो.