रिओखा: माव्याच्या नातलगाने घडवलेली वाईन

स्पेनची भारी रेड वाईन मागितली की दुकानदार बहुधा रिओखाची बाटली पुढे करतो. (स्पेलिंग बघून आपण 'रिओजा' म्हणतो, स्पॅनिश माणूस त्या 'ज'चा घशातून 'ख' करतो.) ग्लासात ओतल्यावर लगेच प्यायची घाई करू नका. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरा. कोवळी वाईन कडेला जांभळट दिसते, मुरलेली विटकरी. मग वास घ्या. पिकल्या फळांच्या मागून व्हॅनिला आणि खोबरं येतं. मला पहिल्यांदा करंजीच्या सारणाचीच आठवण झाली होती. हा वास द्राक्षाचा नाही, अमेरिकन ओकच्या लाकडाचा आहे. उत्तर स्पेनमधल्या एब्रो नदीकाठच्या वाईनला अटलांटिकपलीकडच्या झाडाचा वास का यावा? याचा माग काढत गेलो, तर मध्येच फ्रान्स लागला.

वाईन लहान पिंपात मुरवायची ही बोर्दोची रीत. रिओखात ती १७८० च्या दशकातच येऊ पाहत होती. लाबास्तिदाच्या मानुएल किन्तानो नावाच्या पाद्र्याने ती उचलली, त्याची वाईन टिकायलाही लागली. पण इतर उत्पादकांनी हट्ट धरला की भाव सगळ्यांच्या वाईनला एकच हवा. मग पिंपांचा खर्च निघणार कुठून? प्रयोग तिथेच बसला. चांगलं काम करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला सारखंच अप्रेझल दिलं की काय होतं, हे आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

पुढची पिढी जास्त पैसेवाली होती. लुसियानो दे मुरिएताने १८५२ मध्ये बोर्दोच्या पद्धतीची वाईन करून परदेशी धाडली. १८५८ मध्ये एल्सिएगो गावात मार्केस दे रिस्काल ही वाइनरी उभी राहिली. झाँ पिनो नावाचा बोर्दोचा जाणकारही तिथे काम करू लागला. तरी ही सगळी हौशी सरदारांची कामं. आजूबाजूचा शेतकरी जुन्याच पद्धतीने वाईन करून ती लवकर विकून मोकळा होत होता.

त्याचं नशीब बदललं ते एका किडीमुळे. फिलॉक्सेरा हा आपल्या माव्याचाच नातलग, पण वेलीच्या मुळांवर जगणारा. अमेरिकन रोपांबरोबर तो युरोपात उतरला आणि १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या बागा वाळायला लागल्या. मुळं खणून कीड ओळखेपर्यंत १८६८ उजाडलं. लाखो एकर बागा गेल्या. फ्रेंच व्यापाऱ्यांना बाटल्या तर भरायच्या होत्याच. ते पिरनीज ओलांडून आरो गावात आले (लिहिताना पुढे 'एच' असतो, उच्चारात नाही). या गावाला १८६३ पासून बिल्बाओ बंदराकडे जाणारी रेल्वे होती. स्टेशनालगत एकामागून एक वाइनऱ्या बसल्या: लोपेस दे एरेदिया १८७७, कुने १८७९, ला रिओखा आल्ता १८९०. याच १८९० मध्ये आरोत विजेचे रस्त्यावरचे दिवे लागले. स्पेनमधल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. शेजाऱ्याच्या बागेतल्या मातमावर लागलेले दिवे होते ते, हे मला विसरता येत नाही.

सुबत्ता फार टिकली नाही. फ्रान्सच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या, १८९२ मध्ये फ्रान्सने आयातकर वाढवला आणि मोठं गिऱ्हाईक गेलं. शतक सरता सरता तीच कीड रिओखातही शिरली. औषध एकच होतं: कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचं कलम बांधायचं. म्हणजे जुनी बाग उपटून नवी लावायची आणि फळ येईपर्यंत कळ काढायची. ज्यांच्याकडे पैसा होता ते तगले.

फ्रेंच गेले, पिंपं राहिली. २२५ लिटरची, बोर्दोच्याच मापाची. लाकूड मात्र बहुतेक अमेरिकन. आणि त्यांत वाईन बोर्दोवाल्यांपेक्षाही जास्त काळ ठेवायची सवय लागली. लेबलावरचे शब्द त्या सवयीचेच नियम आहेत. रेड वाईन 'क्रिआन्सा' म्हणजे किमान २ वर्षं मुरलेली, त्यातलं १ वर्ष पिंपात. 'रेसेर्वा' किमान ३ वर्षं. 'ग्रान रेसेर्वा' किमान ५, त्यातली २ पिंपात आणि २ बाटलीत. हे शब्द वय सांगतात, चव नाही. सामान्य द्राक्षाची वाईन पाच वर्षं लाकडात-बाटलीत कोंडून काही थोर होत नाही. माझं मत विचाराल तर एखाद्या चोख घरची रेसेर्वा घ्या. टेम्प्रानियो द्राक्षाचं फळ त्यात अजून जिवंत असतं आणि तुरटपणा जांभळासारखा जीभ आवळत नाही, नुसता जाणवतो.

रिस्कालच्या बाटलीवर सोनेरी तारेची जाळी दिसेल. आज ती शोभेची वाटते, पण ती आली नकली मालाच्या भीतीने. रिकाम्या बाटलीत हलकी वाईन भरून पुन्हा विकायची, तर आधी जाळी तोडावी लागे. एकोणिसाव्या शतकातलं टॅम्पर-प्रूफ सील!

टेम्प्रानियोची वाईन आपल्या दिंडोरीतही झाली आहे. नाशिक भागातल्या द्राक्षबागा बघायला गेलात तर वेलीच्या बुडाशी वाकून बघा. बऱ्याच ठिकाणी कलमाची गाठ दिसेल. खाली डॉगरीज नावाचा खुंट असतो, तोही मूळचा अमेरिकन. इथे मात्र तो किडीसाठी नाही, कमी पाणी आणि खारट जमीन सोसतो म्हणून लावतात.