डोळ्याला डोळा

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला इंग्रजीचे व्याकरण सहसा अडवीत नाही. अडवितात ते वाक्प्रचार. वरिष्ठांनी टिपणावर 'या बाबतीत आपण आय टु आय पाहत नाही' असा शेरा मारला, तर नवखा मनुष्य बुचकळ्यात पडतो. आपल्याकडे डोळ्याला डोळा भिडविणे म्हणजे आव्हान देणे. तो न भिडविणे हा तर विनय! इंग्रजीत मात्र तसे पाहणे म्हणजे मते जुळणे. हे शब्द बायबलातील यशयाच्या ग्रंथातले. १६११ च्या इंग्रजी भाषांतरातून ते रूढ झाले. तेथे 'समोरासमोर, स्पष्ट पाहणे' एवढाच भाव आहे. एकमताचा अर्थ मागाहून चिकटला.

तंजावूरच्या मराठ्यांनी ही भाषा फार पूर्वी आपलीशी केली. दुसरे सरफोजीराजे श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले व इंग्रजीत पारंगत झाले. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीच्या हाती गेला आणि १८५५ मध्ये राजा शिवाजी निपुत्रिक वारल्यावर गादीही उरली नाही. तेथल्या मराठी कारभारी घराण्यांतील कर्त्या पुरुषांना मग दुसऱ्या संस्थानांच्या चाकरीची वाट होती.

त्या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव सर टी. माधवराव. जन्म १८२८, तंजावूर मुलखातील कुंभकोणम येथे. चुलते व वडील दोघेही त्रावणकोरचे दिवाण झालेले. मद्रासला पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकून माधवराव १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले व पुढे दिवाण. त्यांचाच शिष्य आयिल्यम तिरुनाळ १८६० मध्ये गादीवर आला. ज्याला धडे दिले, त्याचेच हुकूम आता शिरसावंद्य! काही वर्षे राज्याची भरभराट झाली. पुढे मतभेद वाढले आणि १८७२ मध्ये माधवरावांनी पद सोडले.

इंदुरानंतर १८७५ मध्ये ते बडोद्यास गेले. अल्पवयी सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने प्रसिद्ध आहेत. महाराजांना अधिकार मिळाले आणि १८८२ मध्ये मतभेदामुळे माधवराव तेथूनही बाहेर पडले. स्वतः घडविलेल्या शिष्याशी मत न जुळण्याचा प्रसंग एकाच पुरुषावर दोनदा यावा, हे विलक्षण खरे. तथापि दोन्ही राज्यांच्या इतिहासात त्यांचे नाव आजही आदरानेच घेतले जाते.

आपल्यापैकी कित्येकांच्या टेबलावर असा शेरा आज ना उद्या येईल. तेव्हा यशयाच्या शब्दांचा मूळ अर्थ स्मरावा: मत जुळो वा न जुळो, जे दिसते ते समोरासमोर सांगावे, आणि तेवढ्यावरून कामाची घडी विस्कटू देऊ नये.