२०१६ मधील भारतीय डेबिट कार्ड माहितीचोरी

२०१६ मधील भारतीय डेबिट कार्ड माहितीचोरी ही भारतीय बँकांनी दिलेल्या कार्डांची माहिती मोठ्या प्रमाणावर चोरीस गेल्याची घटना होय. एटीएम यंत्रांवरील व्यवहार हाताळणाऱ्या एका सेवापुरवठादार कंपनीच्या संगणक यंत्रणेत मालवेअर शिरल्यामुळे सुमारे ३२ लाख कार्डे धोक्यात आली असावीत, असा अंदाज त्या वेळी वर्तवण्यात आला. प्रत्यक्ष गैरवापराच्या तक्रारी मात्र १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांपुरत्या मर्यादित होत्या आणि त्यांतील एकूण रक्कम सुमारे १.३ कोटी रुपये होती. या दोन आकड्यांतील तफावत हे या घटनेचे वैशिष्ट्य आहे. ज्यांच्या खात्यातून एक रुपयाही गेला नव्हता अशा लाखो खातेदारांची कार्डे केवळ संशयावरून बंद करण्यात आली किंवा त्यांना पिन बदलण्यास सांगण्यात आले.

घटनाक्रम

भारतातील अनेक बँका आपली एटीएम यंत्रे व त्यांमागील ‘स्विच’ स्वतः चालवत नाहीत, तर ते काम बाहेरच्या कंपन्यांकडे सोपवतात. ग्राहकाने कोणत्याही बँकेचे कार्ड यंत्रात घातले की त्याची माहिती या स्विचमार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. त्यामुळे एका स्विचमध्ये शिरकाव झाला तर त्या एटीएमवर वापरलेली सर्व बँकांची कार्डे धोक्यात येतात. २०१६ मध्ये नेमके हेच घडले. येस बँकेच्या एटीएम जाळ्याचे काम पाहणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीची यंत्रणा बाधित झाली होती. त्या यंत्रांवर व्यवहार केलेल्या भारतीय स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस आदी बँकांच्या ग्राहकांनाही त्याची झळ बसली. आपल्या स्वतःच्या यंत्रणेत कोणताही शिरकाव झालेला नाही, असे स्टेट बँकेने स्पष्ट केले होते.

काही ग्राहक भारतात असताना त्यांची कार्डे चीन व अमेरिकेत वापरली जात असल्याचे आढळल्यावर प्रकरण उघडकीस येऊ लागले. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार ही बाब तिच्या निदर्शनास ८ सप्टेंबर २०१६ रोजी आणण्यात आली होती. सर्वसामान्य खातेदारांना तिचे गांभीर्य कळले ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, वृत्तपत्रांतून. एनपीसीआय या मुंबईस्थित देयक महामंडळाने तक्रारींचा वरील तपशील तेव्हाच प्रसिद्ध केला. धोक्यातील ३२ लाख कार्डांपैकी सुमारे २६ लाख व्हिसा व मास्टरकार्डची, तर सुमारे ६ लाख रुपे कार्डे होती.

तपासाचे काम बंगळुरू येथील सिसा या संस्थेकडे होते. २१ मे ते ११ जुलै २०१६ या काळात यंत्रणा बाधित होती, असा निष्कर्ष निघाला आणि हिताची पेमेंट सर्व्हिसेसने फेब्रुवारी २०१७ मध्ये तो मान्य केला. म्हणजे शिरकावाचा काळ संपल्यापासून बातमी सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. बँकांनी सायबर घटनांची माहिती दोन ते सहा तासांत रिझर्व्ह बँकेला द्यावी, असे परिपत्रक २ जून २०१६ रोजीच निघाले होते. ते बंधन रिझर्व्ह बँकेला कळवण्याचे होते, खातेदारांना कळवण्याचे नव्हे.

पिन बदलणे आणि कार्ड बदलणे

बँकांनी या प्रसंगी दोन वेगळे मार्ग अवलंबिले. अनेक बँकांनी ग्राहकांना पिन बदलण्यास आणि शक्यतो आपल्याच बँकेचे एटीएम वापरण्यास सांगितले. स्टेट बँकेने मात्र सुमारे सहा लाख कार्डे स्वतःहून बंद करून ती बदलून देण्याचा निर्णय घेतला. हा फरक समजण्यासाठी कार्डाची रचना लक्षात घ्यावी लागते.

तेव्हा प्रचलित असलेल्या बहुसंख्य कार्डांवर केवळ चुंबकीय पट्टी होती. या पट्टीवरील क्रमांक, मुदत व पडताळणीचा संकेत यांत कधीच बदल होत नाही. त्यामुळे ती माहिती एकदा हाती लागली की कोऱ्या कार्डावर उतरवून हुबेहूब नक्कल तयार करता येते. एटीएममधून पैसे काढण्यास पिनही लागतो, म्हणून तो बदलल्यास नकली कार्ड एटीएमवर निरुपयोगी ठरते. परंतु परदेशांतील अनेक दुकानांत पट्टी ओढून केवळ सही घेतली जाते आणि तेथे बदललेला पिन काहीच अडवू शकत नाही. जुना क्रमांक कायमचा बाद करून नवा क्रमांक, नवी मुदत व नवा सीव्हीव्ही असलेले कार्ड देणे हाच तेथे खात्रीचा उपाय ठरतो. बँक खात्याचा क्रमांक यात बदलत नाही. चिप असलेल्या कार्डात प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा संकेत तयार होत असल्याने अशी नक्कल करणे अतिशय कठीण असते. चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती.

स्टेट बँकेचा मार्ग अधिक सुरक्षित असला तरी त्याचा त्रास निर्दोष ग्राहकालाच अधिक झाला. कार्ड बंद झाल्याचे अनेकांना एटीएमसमोर उभे राहिल्यावर कळले, आणि नवे कार्ड टपालाने येईपर्यंत शाखेतील रांगेशिवाय पर्याय उरला नाही. त्यातच ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्याची घोषणा झाली.

ग्राहकाचे दायित्व

माहिती तिसऱ्याच कंपनीकडून चोरीस गेली तर नुकसान कोणी सोसायचे, याविषयी स्पष्ट नियम २०१६ मध्ये लागू नव्हते. रिझर्व्ह बँकेने त्यांचा मसुदा त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला होता. अंतिम परिपत्रक ६ जुलै २०१७ रोजी निघाले. ते डेबिट व क्रेडिट अशा दोन्ही कार्डांना लागू आहे.

या परिपत्रकानुसार चूक बँकेची असल्यास ग्राहकाने तक्रार केलेली असो वा नसो, त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, अशा प्रकारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास व्यवहाराची रक्कम किंवा ठरलेली कमाल मर्यादा, यांपैकी जी कमी असेल तेवढाच भार ग्राहकावर पडतो. ही मर्यादा मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये, तर इतर बचत खाती आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांसाठी १०,००० रुपये आहे. पाच लाखांवरील क्रेडिट कार्डांसाठी ती २५,००० रुपये आहे. सात दिवसांनंतरचा निर्णय बँकेच्या धोरणानुसार होतो. पिन वा ओटीपी ग्राहकानेच दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे बँकेचे.

तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावयाची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढावयाची असते. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे, ही या परिपत्रकातील बहुधा सर्वांत मोलाची तरतूद होय. डेबिट कार्डाच्या बाबतीत तात्पुरत्या जमा रकमेचे महत्त्व विशेष आहे, कारण क्रेडिट कार्डावरील गैरव्यवहार देयकात दिसतो व भरण्यापूर्वी त्यास हरकत घेता येते, तर डेबिट कार्डात शिल्लकच नाहीशी झालेली असते.

नंतरचे बदल व घटना

चोरीचे पैसे परदेशात काढले गेले होते. जानेवारी २०२० मधील आदेशाने नवे किंवा बदलून दिलेले कार्ड प्रारंभी केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानातील यंत्रांवरच चालू ठेवण्याची अट घालण्यात आली. परदेशी व ऑनलाइन वापराची सोय ग्राहकाने मागितल्यावरच सुरू होते. ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन विक्रेत्यांना ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई आहे व त्याऐवजी टोकन वापरले जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात माहितीचा भंग झाल्यास संबंधित व्यक्तींनाही कळवण्याची तरतूद आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात ९४ कोटींहून अधिक रुपये लंपास झाले. त्यातही नकली कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढण्यात आले होते. एप्रिल २०२४ मध्ये आयसीआयसीआय बँकेची सुमारे १७,००० नवी क्रेडिट कार्डे बँकेच्या ॲपमध्ये भलत्याच ग्राहकांच्या नावाशी जोडली गेली. ही चोरी नव्हती, बँकेच्याच यंत्रणेतील चूक होती. बँकेने ती सर्व कार्डे बंद करून नवी देत असल्याचे जाहीर केले. गैरवापराची एकही घटना तोवर नोंदली गेलेली नव्हती, आणि कोणाचे आर्थिक नुकसान झाल्यास ते भरून देण्याचे आश्वासन बँकेने दिले.